पाच सीडींचा खोका

नमस्कार, श्रोतेहो.

आज मला संगणकावरच्या गेमच्या बाजाराविषयी बोलायचे आहे. आपल्या घरात शाळकरी मुलगा किंवा महाविद्यालयात जाणारी मुलगी असेल, तर स्टीम हे नाव आपल्या कानांवरून गेलेच असेल, आणि सेल लागला की दोन दिवसांसाठी तुमचे कार्ड द्या ना, ही विनवणीही आपण ऐकली असेल. संगणकाचे गेम आता इंटरनेटवरच्या दुकानांतून विकत घेतले जातात. या दुकानांमध्ये गेली काही वर्षे मोठी चुरस चालू आहे, आणि पुढच्या काळात गेम कोण प्रकाशित करील, कोणत्या अटींवर करील, हे त्या चुरशीवर अवलंबून आहे. बहुतेक जाणकार याचे उत्तर टक्केवारीत शोधतात. मला ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडते, आणि तो खोका पाहण्यासाठी मी आपल्याला थोड्याच वेळात १९९९ सालच्या पोलंडमध्ये घेऊन जाणार आहे.

पण आधी टक्केवारी सांगतो. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम हे दुकान सुरू केले. पुढच्या वर्षी तिचा हाफ-लाइफ २ हा गेम आला, तेव्हा बाजारातून खोका विकत आणणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडल्याशिवाय तो खेळता येईना. विक्रीतले ३० टक्के दुकानाचे आणि ७० टक्के गेम करणाऱ्यांचे, हा हिशेब तिथे रूढ झाला. मग ६ डिसेंबर २०१८ रोजी एपिक गेम्स स्टोअर उघडले आणि आपण फक्त १२ टक्के घेऊ, असे त्याने जाहीर केले. त्या वेळच्या हिशेबाने हजार रुपयांच्या गेमवर एक दुकान तीनशे रुपये कापणार होते आणि दुसरे एकशेवीस. पुन्हा सांगतो, एक तीनशे आणि दुसरे एकशेवीस. फरक लहान नाही. तरीही मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी हजर असलेल्यांची संख्या चार कोटींच्या वर गेली. दलाली कमी असलेल्या दुकानाकडे गिऱ्हाईक लोटले नाही, कारण ती दलाली गिऱ्हाइकाच्या खिशातून जात असल्याचे त्याला जाणवत नाही. त्याला जाणवते ते वेगळेच काही, आणि ते काय, हे सांगण्यासाठीच मला पोलंडची गोष्ट हवी आहे.

श्रोतेहो, वॉर्सा शहरात ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला एका शाळेच्या इमारतीत सुटीच्या दिवशी संगणकांचा बाजार भरत असे. बाकांवर कॅसेटी, नंतर फ्लॉपी आणि त्यानंतर सीडी मांडलेल्या असत, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू नकल केलेली असे. यात कोणाला अपराध वाटत नसे, कारण संगणकीय प्रणालींना संरक्षण देणारा कॉपीराइट कायदा त्या देशात १९९४ साली झाला. त्याआधी नकल विकणारा दुकानदारच समजला जाई. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी मार्करने नाव लिहिलेल्या सीडी विकत घेतल्या आहेत, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. मीही त्या घेतल्या आहेत, आणि त्या वेळी अस्सल प्रत कुठे मिळते, हे विचारावे असे माझ्या मनातही आले नव्हते.

या बाजारात मार्चिन इविन्स्की आणि मिहाउ किचिन्स्की हे दोन तरुण ये-जा करीत. त्यांची ओळख शाळेतली आणि मैत्री तास बुडवून गेम खेळण्यातली. १९९४ साली, म्हणजे कायदा झाला त्याच वर्षी, त्यांनी मित्राच्या घरातल्या बिनभाड्याच्या खोलीत एक कंपनी काढली. परदेशातून सीडीवरचे गेम आणून विकायचे, म्हणून तिचे नाव सीडी प्रोजेक्ट. पण ज्या शहरात प्रत्येक गेमची नकल चार पैशांत मिळते, तिथे अस्सल प्रत विकत कोण घेणार? हा प्रश्न त्यांच्यापुढे पाच वर्षे उभा होता.

१९९८ च्या अखेरीस कॅनडातील बायोवेअर या संस्थेचा बॉल्डर्स गेट हा गेम प्रसिद्ध झाला. तलवारी, जादू, सोबती आणि लांबच लांब प्रवास असलेली ती एक प्रचंड कथा होती, आणि तिच्यात वाचायला इतका मजकूर होता की इंग्रजी न येणाऱ्याच्या हाती काही लागलेच नसते. तो गेम पाच सीडींचा होता. श्रोतेहो, हा पाचाचा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथेच आहे. नकल विकणारा पैसे घेई ते सीडीमागे. एका सीडीचा गेम त्याच्याकडे अगदी स्वस्त मिळे, पण पाच सीडींचा गेम घ्यायचा तर पाच सीडींचे पैसे मोजावे लागत, आणि मग नकल काही कवडीमोल राहत नसे. नकलेची आणि अस्सल मालाची किंमत पहिल्यांदाच एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आली होती.

एवढे अंतर उरले असताना त्यांनी काय केले? त्यांनी किंमत आणखी पाडली नाही. खटले भरले नाहीत. त्यांनी त्या गेमचे संपूर्ण पोलिश भाषांतर करून घेतले आणि संवादांसाठी नामवंत नट बोलावले. कथा सांगणारा आवाज पिओत्र फ्रॉन्चेव्स्की यांचा, आणि पोलंडमध्ये त्यांचे नाव घरोघरी ठाऊक असलेले. सगळे सोबती जवळ नसताना खेळणारा पुढच्या मुलखात जाऊ लागला, की ते धीरगंभीर स्वरात त्याला अडवीत आणि प्रवासाला निघण्यापूर्वी आपली टोळी गोळा करावी, असे बजावीत. ते वाक्य पोलिश तरुणांच्या तोंडी इतके बसले की आज वीस-पंचवीस वर्षांनंतरही तिथे ते म्हणीसारखे वापरले जाते.

(इथे एक गोष्ट बोलल्यावाचून मला राहवत नाही. भाषांतर ही गेममध्ये शेवटी चिकटवायची पट्टी नव्हे. नटाने जीव ओतून म्हटलेले एक वाक्य गेमला त्या भाषेचा करून टाकते, आणि आपल्याकडे डबिंगचा दर मिनिटावर ठरवणाऱ्यांनी याचा विचार करावा, असे मला फार वाटते.)

मग त्यांनी खोका भरला. त्यात पाच सीडी होत्याच. त्यांच्या जोडीला जुन्या चर्मपत्रासारखा दिसणारा नकाशा, खेळाच्या नियमांचे पुस्तक आणि संगीताची वेगळी सीडी होती. तो नकाशा मी पुढे एका संग्राहकाकडे पाहिला आहे. कडा मुद्दाम फाटल्यासारख्या, रंग चहा सांडल्यासारखा, आणि घड्यांवर बोट फिरवले की कागदाचा खरखरीतपणा जाणवणारा. बाजारातला नकलवाला सीडी उतरवून देऊ शकत होता. नकाशा, पुस्तक आणि हातात जड लागणारा तो खोका त्याच्याकडे नव्हता.

एवढा माल ठेवायला जागा पुरेना, म्हणून त्यांना मोठे गोदाम पाहावे लागले. आणि पहिल्याच दिवशी अठरा हजार खोके गेले. पुन्हा सांगतो, जिथे अस्सल गेम कोणी विकत घेत नाही असे सगळे जग म्हणत होते, तिथे एका दिवसात अठरा हजार. लोक पैसे द्यायला तयार होते. त्यांना पैशांच्या बदल्यात आपले म्हणून घरी नेता येईल असे काहीतरी हवे होते.

हीच माणसे पुढे स्वतः गेम करू लागली, आणि २००७ साली त्यांचा द विचर आला. २००८ साली त्यांनी गुड ओल्ड गेम्स नावाचे इंटरनेटवरचे दुकान उघडले; ते आज जीओजी या नावाने चालते. नकाशा इंटरनेटवरून पाठवता येत नाही, पण खोक्यातली मूळ गोष्ट पाठवता येते, ती म्हणजे मालकीची भावना. या दुकानातल्या गेमला नकल रोखणारे कुलूप नसते. इन्स्टॉल करायची फाइल उतरवून घ्यायची, हार्ड डिस्कवर ठेवायची, आणि पुढे दुकानाला न विचारता कधीही वापरायची. २०११ साली द विचर २ प्रसिद्ध झाला, तेव्हा दुकानांतून विकलेल्या खोक्यांत कुलूप होते आणि जीओजीवरच्या प्रतीत नव्हते. कुलूप फोडणाऱ्यांनी खोक्यातलीच प्रत फोडली आणि पसरवली, आणि मग कंपनीने थोड्याच दिवसांत खोक्यातल्या प्रतीचेही कुलूप काढून टाकले.

या दुकानाच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे नाही. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी दुकान बंद झाल्याचा देखावा केला, संकेतस्थळावर निरोपाची सूचना लावली, आणि काही दिवसांनी नव्या रूपात परत येताना मठातल्या साधूंच्या वेषात माफी मागितली. विकत घेतलेले गेम उतरवून ठेवले नव्हते, ती माणसे त्या दिवसांत किती धास्तावली असतील! ज्या दुकानाचे भांडवलच विश्वास आहे, त्याने विश्वासाशी असा खेळ करायला नको होता. परत आल्यावर त्यांनी ज्या गेमची घोषणा केली, तो मात्र बॉल्डर्स गेट होता.

आता आजच्या चुरशीकडे वळतो. एपिकने गिऱ्हाईक मिळवण्यासाठी दर आठवड्याला फुकट गेम दिले. पहिल्या नऊ महिन्यांत त्यासाठी सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजल्याचे ॲपलबरोबरच्या खटल्यातील कागदपत्रांतून २०२१ साली उघड झाले. पैसे देऊन काही गेम ठरावीक काळ स्वतःपुरते राखून ठेवले. २०१९ मध्ये मेट्रो एक्झोडस प्रकाशनाला दोन-तीन आठवडे उरले असताना स्टीमवरून एपिककडे गेला, तेव्हा खेळणारे फार संतापले. अमेरिकेत एपिकवर त्याची किंमत दहा डॉलरने कमी होती, ही बाब त्या संतापात बुडून गेली, कारण आपले सगळे गेम एका कपाटात असावेत, असे माणसाला वाटते. ईए या गेम कंपनीने २०१९ मध्ये आणि यूबीसॉफ्ट या कंपनीने २०२२ मध्ये आपले नवे गेम स्टीमवर परत आणले, याचेही कारण ते कपाटच. एका दुकानाच्या हाती एवढी सत्ता एकवटणे मला घातक वाटते. व्हॉल्व्ह दुसरीकडे स्वस्त विकू देत नाही, असा दावा अमेरिकेतील न्यायालयात २०२१ पासून चालू आहे, आणि व्हॉल्व्हला तो मान्य नाही.

परंतु ते कपाट खरोखर कोणाचे आहे? यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी द क्रू या मोटारींच्या गेमचे सर्व्हर बंद केले, आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळणेसुद्धा अशक्य झाले. विकलेले गेम असे बंद पाडू नयेत, अशी जी मागणी त्यातून युरोपात उभी राहिली, तिच्यावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियाने कायदा केला की गिऱ्हाइकाला केवळ परवाना मिळत असेल तर दुकानाने तसे स्पष्ट सांगावे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि त्याच सुमारास स्टीमच्या खरेदीच्या पानावर तशी ओळ दिसू लागली. कायद्याच्या भाषेत जीओजीवरही परवानाच मिळतो. फरक इतकाच की तिथली फाइल आपल्या हाती असते, आणि दुकान बंद पडले तरी ती चालते.

आपल्या पुण्याचा राजी हा गेमही याच दुकानांच्या भरवशावर जगात पोहोचला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने लोकवर्गणीचा प्रयत्न करून पाहिला, तो २०१७ मध्ये फसला, तरीही चिकाटी सोडली नाही, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तो संगणकावर आला. इतक्या कष्टाने उभ्या केलेल्या गेमच्या प्रत्येक विक्रीतून दुकानाकडे किती पैसे जातात, हा अशा संस्थेसाठी पुढच्या गेमचा पगार निघण्याचा प्रश्न असतो, आणि म्हणून दुकानांची चुरस मला हवीच आहे. राजीला पुढे हिंदी आवाज मिळाला. मराठी आवाजाची मी मनापासून वाट पाहतो आहे.

मागच्या मे महिन्यात मी कोकणात बहिणीच्या घरी गेलो होतो. तिथे पावसाआधीच्या वाऱ्याने टॉवर बंद पडला आणि दोन दिवस नेट नव्हते. भाच्याच्या लॅपटॉपवरचे दोन गेम सर्व्हरला विचारल्याशिवाय उघडेनात. माझ्या पिशवीत जुनी हार्ड डिस्क होती, आणि तिच्यावर मी २०१० साली विकत घेऊन उतरवलेल्या बॉल्डर्स गेटच्या फाइली होत्या. त्याने त्या कॉपी केल्या, इन्स्टॉल केल्या, आणि खाते कुठे उघडायचे ते शोधू लागला. तसे काही नाही, म्हटल्यावर त्याने विचारले, "मामा, मग हा आता माझाही झाला का?" तुझ्या मामाचा झाला आहे, मामा इथे आहे तोवर खेळ, असे मी त्याला सांगितले. रात्री ओसरीवर बसून आम्ही सुरुवात केली. फाटकाबाहेरच्या पहिल्याच वाटेवर दोन वाटसरू भेटले, भाच्याने त्यांना सोबत घेतले, आणि एकाला मागे सोडून तो पुढे निघाला, तेव्हा गेमने त्याला थांबवून टोळी गोळा करायला सांगितले.

नमस्कार.