दिनास ब्रान: दहा-पंधरा वर्षांचा गड

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर वेल्समध्ये डी नदीच्या काठी एक गाव आहे. त्याच्या नावातला एक आवाज आपल्याकडे नाही. जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि नुसता वारा सोडायचा. हा आवाज त्या नावात दोनदा येतो. आपण लँगॉथलेन म्हणू.

नदीवरचा जुना दगडी पूल ओलांडला, कालवा मागं टाकला, की चढ सुरू होतो. दिनास ब्रानची ही टेकडी समुद्रसपाटीपासून जेमतेम ३२० मीटर. सह्याद्रीत फिरलेल्याला हे काहीच नाही, पण शेवटचा टप्पा गवतातून उभा जातो आणि वारा अंगाला झोंबतो. सोबतीला मेंढ्या.

माथ्यावर पोचल्यावर माझी नजर आधी भिंतींवर गेली नाही, खंदकावर गेली. अख्खा खडक फोडून काढलाय, आणि निघालेला दगड तिथंच तटाला लावलाय. आपल्या गडांवर टाकं खोदून त्याच दगडानं बांधकाम करत, तीच ही रीत! बाहेरच्या अंगाला मातीचा बांध आहे. तो त्याहून फार जुना, लोहयुगातला.

हा दगडी गड १२६०च्या दशकात बांधला असावा, तो उत्तर पोविस या वेल्श मुलखाचा सरदार ग्रिफिद आप माडोग, म्हणजे माडोगचा मुलगा ग्रिफिद, यानं. तो गेल्यावर १२७० साली त्याच्या मुलांनी आईच्या, एमाच्या, जमिनींची सनद इथंच केली. मग इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड वेल्सवर चालून आला. मे १२७७मध्ये लिंकनचा अर्ल हेन्री द लेसी फौज घेऊन निघाला, आणि वेढा पडायच्या आतच गडावरच्या शिबंदीनं स्वतःच्या हातानं गड पेटवून दिला.

आपण बांधलेलं आपणच जाळायचं, बहुधा ते शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून! त्या पडक्या कमानीखाली उभं राहिल्यावर माझ्या पोटात कालवलं.

तट तरीही शाबूत होते. लेसीनं राजाला डागडुजी सुचवली. पण पुढं हा मुलूख जॉन द वॉरेन या इंग्रज सरदाराला मिळाला, त्यानं नदीकाठी होल्टला नवा किल्ला बांधला, आणि इथं वस्ती उरली नाही.

खाली उतरलात तर वाल क्रुसिसच्या मठात जरूर जा. १२०१ साली तो ग्रिफिदच्या वडिलांनी स्थापला. बापलेक दोघंही तिथंच पुरलेले आहेत.