टाचण्यांचा कोट

(दृश्य : मेन रोड, सकाळ. अर्धवट उघडलेलं शटर.)

नाशिकचा मेन रोड अजून झाडून व्हायचाय. गिऱ्हाईक यायला तास-दीड तास अवकाश आहे, तेवढ्यात शोकेसमधला पुतळा तयार झाला पाहिजे.

(दृश्य : ओठांत टाचण्या, मग हात.)

कापडदुकानाची शोकेस सजवणाऱ्या काकांच्या ओठांत टाचण्या आहेत, ते काही बोलणार नाहीत. हात बघा. ताग्यातून नुकतंच काढलेलं तीन मीटर सूटिंग. याला कात्री लावायची नाही, उद्या हेच कुणीतरी शिवायला नेणार. एक पदर खांद्यावरून पुढे आला. बोटाने मुडपला, झाली कॉलर. कडेची दुमड छातीपर्यंत उतरवली. टाचणी दुमडीच्या आत, तिरकी. सरळ टोचली तर चकाकते. उरलेलं सगळं कापड पाठीमागे, गाठोड्यासारखं. आता समोरून बघा : शिवलेला कोट!

(दृश्य : जुनी चित्रं, लंडन.)

मुळात काच आली म्हणून हे काम आलं. १८०१ साली लंडनच्या चेरिंग क्रॉसला फ्रान्सिस प्लेस या शिंप्याने दुकानाला मोठाल्या काचा बसवल्या. एकेक तावदान तीन पौंडांचं, दारातली दोन चार-चार पौंडांची. हा गडी मूळचा चामड्याच्या विजारी शिवणारा कारागीर, १७९३च्या संपात पुढे होता म्हणून काम मिळेना झालेलं. त्याला काचेचं मोल बरोबर कळलं. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ला उठला आणि मग मोठी काच इतर दुकानदारांच्याही आवाक्यात आली. १९०९ला लंडनच्याच ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सेल्फ्रिज या दुकानदाराने दुकान बंद झाल्यावरही शोकेसचे दिवे चालू ठेवले. पुतळ्यांची डोकी तेव्हा मेणाची असत, दिव्यांच्या धगीने मऊ पडत. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. आता फायबर.

(दृश्य : कॉलेज रोड, चालत्या गाडीतून.)

रेडिमेडच्या पुतळ्याला शर्ट घातला की काम संपलं. टाचणी लावणारे हात कमी होत चाललेत.

(दृश्य : पुन्हा मेन रोड. काका रस्त्यापलीकडे.)

काका तिथून बघताहेत. मध्ये रिक्षा आली. गेली. परत आत. डावी बाही अर्धा इंच खाली.

(दृश्य : टाचणी निघते, पुन्हा लागते. निवेदन नाही.)