घाई कॅलेंडरची, तास तेवढेच

(दृश्य: पहाटेचा छोटा विमानतळ. सेस्ना १७२ या लहान विमानाच्या पंखाखाली वाकलेला विद्यार्थी.)

पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढायचं आणि ते उजेडात धरायचं. रंग निळसर हवा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला, तर ओतून द्यायचं आणि पुन्हा काढायचं. अमेरिकेतल्या वैमानिकांच्या वेगवान प्रशिक्षणवर्गात हे रोजचंच आहे, कधी कधी दिवसातून दोनदा. सकाळी उड्डाण, दुपारी सिम्युलेटर किंवा वर्ग, संध्याकाळी जमलं तर पुन्हा उड्डाण. सुट्टीच्या दिवशी सवडीने शिकणाऱ्याला खासगी परवान्यासाठी, म्हणजे हौसेने विमान उडवण्याच्या परवान्यासाठी, वर्षही लागू शकतं. इथे तोच परवाना काही आठवड्यांत हातात पडतो.

घाई करणाऱ्याला कायदा तासांत मात्र सूट देत नाही. खासगी परवान्याला उड्डाणाचे किमान ४० तास, कमर्शिअलला (पैसे घेऊन उडण्याच्या परवान्याला) २५०. सरकारमान्य ठरावीक अभ्यासक्रम असलेल्या शाळेत हेच आकडे ३५ आणि १९०. बहुतेकांना किमान तासांपेक्षा जास्तच लागतात.

मग रोज उडण्याचा फायदा काय? विमान धावपट्टीला टेकण्याआधी नाक हलकेच वर घ्यायचं असतं. नेमकं कधी आणि किती, हे पुस्तकातून कळत नाही, हाताला कळतं. दोन धड्यांत पंधरा दिवस गेले की हात विसरतो. काल उतरवलेलं विमान आज परत उतरवलं, तर विसरायला वेळच मिळत नाही. पण थकलेलं डोकं शिकत नाही, हेही तितकंच खरं. ज्या वर्गाच्या वेळापत्रकात झोपेला आणि खराब हवामानाला जागा ठेवलेली नाही, तिथे पैसे भरू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: हँगरमध्ये उभं असलेलं बिझनेस जेट.)

कमर्शिअल परवाना आणि ढगांतून उडण्यासाठीचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालं, तरी या जेटची खुर्ची लगेच मिळत नाही. एअरलाइनसाठी साधारण १५०० तास लागतात. २००९ साली बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळून ५० जण दगावले. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३पासून ही अट को-पायलटलाही लागू झाली. कंपनीच्या स्वतःच्या विमानाला ती अट नाही. किती तास हवेत, यात तिथे अनेकदा विमा कंपनीचा शब्द चालतो. चार्टरमध्ये, म्हणजे भाड्याने दिलेल्या विमानात, इन्स्ट्रुमेंट उड्डाणाच्या कॅप्टनला १२०० तास हवेत. म्हणून बरेच जण आधी प्रशिक्षक होतात आणि विद्यार्थ्याशेजारी बसून तास जमवतात. पुढची पायरी बऱ्याचदा पिलाटस पीसी-१२ किंवा किंग एअर २००. या टर्बोप्रॉप (जेट इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या) विमानांना टाइप रेटिंग, म्हणजे त्या एकाच प्रकारच्या विमानासाठीची वेगळी परवानगी, लागत नाही. जेटला मात्र ते लागतंच, जेट कितीही लहान असो.

आता एका रात्रीकडे वळू. ३१ मे २०१४, बेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स. गल्फस्ट्रीम ४ हे बिझनेस जेट धावपट्टीवर वेग घेतं, पण जमिनीवरून उठत नाही. गस्ट लॉक लागलेलाच होता. उभ्या दुचाकीचं हँडल लॉक करतात, तसं उभ्या विमानाची नियंत्रणं या लॉकने जखडून ठेवतात, म्हणजे वाऱ्याने ती आपटत नाहीत. वैमानिकांच्या लक्षात आलं तोवर थांबायला जागा उरली नव्हती. विमान धावपट्टी ओलांडून ओघळीत गेलं, पेटलं. सातही जण गेले.

दोघे वैमानिक अनुभवी होते, कित्येक वर्षं एकत्र उडत होते. तपासात विमानाच्या नोंदी काढल्या गेल्या. त्याआधीच्या १७५ उड्डाणांपैकी फक्त दोन वेळा नियंत्रणांची पूर्ण तपासणी झाली होती. योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण पुढे, पूर्ण मागे, डावीकडे, उजवीकडे. काही सेकंदांचं काम, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ते अगदी सुरुवातीलाच शिकवतात.

कॉर्पोरेट उड्डाणाचा, म्हणजे कंपन्यांच्या जेटवरच्या नोकरीचा, खरा कस इथे लागतो. विमानं मोजकी, वैमानिक मोजके, त्याच त्या जोड्या. हवामान बघणं, वजनाचा हिशेब, इंधन, सामान चढवणं, जेवणाची ऑर्डर, सगळं त्यांच्याच अंगावर. आणि मागे बसलेला माणूस पगार देणारा. २९ मार्च २००१ला कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला एक चार्टर गल्फस्ट्रीम अंधारात, बर्फ पडत असताना उतरताना डोंगरउतारावर आदळलं. अठरा जण गेले. धावपट्टी दिसत नसताना विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली आणलं गेलं, हे तपासात मुख्य कारण ठरलं. उतरायलाच हवं, असा ग्राहकाचा दबाव कॅप्टनवर होता, हेही त्या अहवालात नोंदलं आहे.

(दृश्य: सिम्युलेटर. टेकऑफच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडतं.)

टाइप रेटिंगमध्ये अशा बिघाडांचा कसून सराव होतो, आणि जेटच्या कॅप्टनला दर वर्षी परत परीक्षा द्यावी लागते. मालकाला ‘आज दुसऱ्या विमानतळावर उतरू’ असं सांगण्याचा सराव मात्र प्रशिक्षणातच व्हायला हवा. शाळा निवडताना विमानं किती, हे विचाराच. पण म्हणूनच तिथल्या विद्यार्थ्यांनाही गाठून विचारा: हवामान बिघडलं की उड्डाण रद्द करायचं का, हे आधी कोण बोलतं? प्रशिक्षक स्वतः गप्प राहून विद्यार्थ्याला ठरवायला लावत असेल, आणि मग त्याचं कुठे चुकलं ते नकाशा उघडून दाखवत असेल, तर ती शाळा चांगली.