शाळा बंद होती, टीडी राहून गेली

हा पाचवीचा वर्ग बघा. दरवर्षी एक दिवस इथे आरोग्य सेविका ताई यायच्या, खांद्याला लसीचा डबा, आत बर्फ, बाईंच्या टेबलावर यादी, आणि पोरं बाह्या वर करून रांगेत, कोणी हसतंय कोणी आधीच रडायला लागलंय. ही टीडीची लस, धनुर्वात आणि घटसर्पाची, दहाव्या वर्षी एक आणि सोळाव्या वर्षी एक, म्हणजे साधारण पाचवी आणि दहावी. आधी नुसतं टीटी, म्हणजे फक्त धनुर्वाताचं इंजेक्शन असायचं, २०१९ च्या आसपास त्याच्या जागी टीडी आली, कारण लहानपणी घेतलेल्या घटसर्पाच्या डोसचा जोर वय वाढेल तसा कमी होत जातो.

आणि मग मार्च २०२०. शाळांना कुलूप.

तान्ह्या बाळाचं कार्ड आईकडे असतं, आशाताई घरी येऊन आठवण करतात, तरी लॉकडाऊनमध्ये तिथेही डोस चुकलेच, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या एकत्र लसीचा) पहिला डोसही न मिळालेली बाळं भारतात २०१९ मध्ये साधारण १४ लाख होती ती २०२० मध्ये ३० लाखांच्या घरात गेली. मग दहा वर्षांच्या पोराचं काय, त्याचं कार्ड कुठल्या पेटीत आहे हे घरात कोणाला आठवत पण नाही! त्याला लस मिळायची ती शाळेमुळे. शाळा मोबाईलवर गेली, अभ्यास कसाबसा पोचला, इंजेक्शन कसं पोचणार?

यात ताईंना बोल लावू नका हां. सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या कोविड मोहिमेसाठी आशा आणि सेविका ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या, पुढे कोविडचं लसीकरण पण त्यांच्याच अंगावर आलं.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते २०२१ च्या दहावीच्या बॅचचं. वर्ग धड भरले नाहीत, बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, पोरं थेट ज्युनिअर कॉलेजला. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाला कोवॅक्सिन सुरू झाली तेव्हा हीच मुलं रांगेत उभी होती, तिथेच टीडी झाली का एवढं विचारून निदान यादी तरी करता आली असती असं राहून राहून वाटतं.

चुकलेला डोस नंतर घेता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. पण ही मुलं आता विशी ओलांडलेली, त्यांना सांगणार कोण? मुलींना गरोदरपणात टीडी मिळेल. आणि मुलांना बहुतेक कधीतरी पायात खिळा घुसल्यावर, दवाखान्यात.