काळ्या खडकाच्या पोटात

सिन्नरजवळ, माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, के. सी. पांडे यांनी २००१ साली उभं केलेलं खनिजांचं संग्रहालय आहे : गारगोटी. जगभरातली खनिजं इथे मांडलेली आहेत. आपण मात्र थांबणार आहोत ती आपल्याच खडकातून निघालेल्या स्फटिकांपाशी.

हा हिरवा, आरपार दिसणारा अपोफिलाइट पाहा. हे पैलू कुणा कारागिरानं पाडलेले नाहीत. खडकातून निघाला तेव्हाच तो असा होता. त्याच्या बुडाशी फिकट गुलाबी दिसतोय तो स्टिल्बाइट. आणि हे दोन्ही ज्या दगडात घडले तो काळा बेसाल्ट तर आपल्या रोजच्या पाहण्यातला. रायगडाचा कडा त्याचाच, वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलेलं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरांवर थर पसरत गेला. आज शिल्लक आहे तेवढ्यानंच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापलाय. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहून गेल्या. पुढे गरम पाणी खडकातून झिरपत राहिलं. वाटेत सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून घेत ते पोकळीत उतरलं आणि तिच्या भिंतींवर कणाकणानं स्फटिक धरू लागले. वाढायला मोकळी जागा मिळाली, म्हणून तर कडा इतक्या नेटक्या आल्या!

शेजारी ओकेनाइट. अगदी उकललेलं कापसाचं बोंड! पण याचे तंतू बोट लागलं तरी दबतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत.

आणि हा निळा! कॅव्हन्साइट. रंग व्हॅनेडियमचा. या खनिजाची पहिली नोंद अमेरिकेतल्या ओरेगनची, पण संग्राहक जिवापाड जपतात ते नमुने पुण्याजवळच्या वाघोलीचे. तेही दगडखाणीतले. खाण चालायची खडीसाठी, हे निळे गोळे मध्येच हाती लागले.

इथे उभं राहिलं की क्रशर आठवल्यावाचून राहत नाही. आपले रस्ते, आपल्या इमारती याच दगडाच्या खडीवर उभ्या आहेत, त्यामुळे खाणी नकोत असं म्हणता येत नाही. पण सुरुंगाच्या हादऱ्यानं अपोफिलाइट सरळ दुभंगतो, आणि जे वाचतं त्यातलंही बरंच खडीत जातं. या काचेमागचा प्रत्येक नमुना टिकला, कारण तिथे कुणीतरी घण बाजूला ठेवून छिन्नी हातात घेतली. त्या हातांची नावं पाट्यांवर यायला हवीत, असं मनापासून वाटतं.

तुमच्या शिवारात विहीर खणताना खडकात पोकळी लागली, तर पुढचा घाव घालण्याआधी बॅटरी लावून आत पाहा. भिंती चमकल्या, तर जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना बोलवा.