सांबऱ्याहून मुंबई किती लांब?

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं वडीलधारं माणूस तपासणीसाठी मुंबईला न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न निघतो, सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं किती वेळ लागतो? मोबाइल लगेच अंतर दाखवतो, सुमारे 400 किलोमीटर. आकडा बरोबर आहे, शाळेच्या नकाशावरूनही तो काढता येतो. उत्तर-दक्षिण एका अंशाला साधारण 111 किलोमीटर. सांबरा आणि मुंबई यांच्यात सव्वातीन अंशांचा फरक, म्हणजे 360. मुंबई आपल्यापेक्षा पश्चिमेलाही आहे, ते तिरकं धरलं की चारशे. महामार्ग मात्र कोल्हापूर, सातारा, पुणे असा फिरून घाट उतरतो आणि पाचशेच्या घरात जातो.

जेट विमान उंचीवर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास जातं. मग अर्ध्या तासात पोचायला हवं ना? तिकिटावर तर तासाहून जास्त वेळ असतो. कारण ती वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची. एवढ्या जवळच्या प्रवासात विमान पुरता वेग घेतं न घेतं, तोच उतरणीला लागतं. पंख्यांचं एटीआर जातीचं छोटं विमान असेल तर वेगच पाचशेच्या आसपास. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून सहसा एका वेळी एकच वापरतात. गर्दी असली की विमानाला वर घिरट्या घालत थांबावं लागतं.

म्हणून मी सांगेन, हिशोब घराच्या उंबऱ्यापासून करा. खानापूरकरांना आधी बेळगाव गाठायचं, मग शहर ओलांडून सांबऱ्यापर्यंत आणखी दहा किलोमीटर. सुटण्याच्या तासभर आधी चेक-इनचा काउंटर बंद होतो. निपाणीकरांना तर कोल्हापूरचं उजळाईवाडीच जवळ, तिथली विमानं आधी बघा.

बेंगळूरचंही तेच. हवेतून सुमारे 445 किलोमीटर, पण उतरायचं देवनहळ्ळीला, शहर तिथून आणखी पस्तीस-चाळीस किलोमीटर. मॅजेस्टिक, म्हणजे बेंगळूरच्या मुख्य रेल्वे स्टेशनच्या भागात काम असेल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री झोपून सकाळी स्टेशनात उतरणं मला आजही जास्त सोयीचं वाटतं.

पेशंट सोबत असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. व्हीलचेअरवरच्या माणसाला विमानातून सहसा सगळ्यात शेवटी उतरवतात, मग सामान, मग टॅक्सी. सकाळच्या विमानानं जाऊन दुपारी बाराची डॉक्टरांची वेळ घेऊ नका. आदल्या दिवशी जा, पेशंटला रात्री नीट झोपू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा.