फुगलेली लिपो मिठाच्या पाण्यात टाकता? थांबा ना भाऊ

नमस्कार राजेहो. आज उडवाउडवी नाही, आज हे पाहा.

(पॅक कॅमेऱ्याजवळ धरून) लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, रिमोटवर उडणाऱ्या फोमच्या विमानातली. थ्री एस, म्हणजे आत तीन सेल एकामागे एक जोडलेले, क्षमता २२०० एमएएच. मधात पोट पाहा, पुरीसारखं टम्म, वरचं प्लास्टिक ताणून चकचकीत झालंय आणि कडेला लेबल फाटलंय. आतलं इलेक्ट्रोलाइट खराब होऊन त्याचा गॅस झाला की हे असं होते. ओव्हरचार्ज केली, सेल ३ व्होल्टच्या खाली नेला, क्रॅश झाला, किंवा सरळ मे महिन्यात कारमध्ये विसरले, आता नागपुरात ४५ डिग्रीला बंद गाडीच्या डॅशबोर्डवर काय होते ते वेगळं सांगू का.

मीटर लावतो. ११.४. म्हणजे सेलमागे ३.८, म्हणजे साधारण अर्धी भरलेली. फुगली म्हणजे मेली असं नसते, उडवायच्या कामाची नाही राह्यली एवढंच, करंट आहे ना आतमध्ये. आणि सुई टोचून गॅस काढायचे जे व्हिडिओ फिरून राह्यले ते पाहूच नका बाप्पा, तो गॅस पेटतो, आणि सुईनं आतले थर एकमेकाला लागले की शॉर्ट, तोही तुमच्या हातात.

मंग सगळे काय करतात? बादलीत पाणी, दोन मुठी मीठ, पॅक आत, दोन दिवसांनी मीटर लावला, शून्य, चला टाका कचऱ्यात. मला ह्याच्यावरच बोलायचं आहे, कारण हा शून्य खोटा असू शकतो.

काहून ते सांगतो. लिपोच्या सेलमधून दोन पट्ट्या बाहेर येतात, प्लसची ॲल्युमिनियमची आणि मायनसची बहुतेक निकेलची. मिठाच्या पाण्यात दोन्ही टोकं गेली की इलेक्ट्रोलिसिस सुरू होते, बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, थोडा क्लोरीन पण निघतो, आणि प्लसकडचा धातू गळत जातो, आधी कनेक्टरची पिन, मंग वायर, मंग ती पट्टी. आता बॅटरी रिकामी व्हायच्या आधीच पट्टी तुटली तर? मीटरपर्यंत काही पोचतच नाही म्हणून मीटर शून्य दाखवते, आणि आतला सेल तसाच भरलेला. वरून पाणी पाऊचच्या, म्हणजे सेलच्या बाहेरच्या पाकिटाच्या, आत शिरलं तर आतल्या क्षारापासून हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होते, ते पाणी आपण नालीत ओततो आणि ते जाते नाग नदीत. म्हणजे काम झालं नाही ते नाहीच, घाण मात्र केली.

बरं मंग करायचं काय. पहिले पॅककडे नीट पाहायचं. गरम लागून राह्यली, पाऊच फाटला, गोडसर नेलपॉलिशसारखा वास येऊन राह्यला, किंवा क्रॅशमध्ये वाकली चेपली, तर त्या पॅकला काहीच लावायचं नाही. चार्जर नाही, बल्ब नाही. मातीची कुंडी घ्या, खाली कोरडी रेती, कन्हानची असो की बांधकामावरची उरलेली, कोरडी पाहिजे फक्त, पॅक ठेवा, वरून रेती टाका आणि घरापासून, गाड्यांपासून, वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब, सावलीत ठेवा. डब्यात बंद करून झाकण घट्ट लावू नका, गॅसला बाहेर जायला जागा पाहिजे.

नुसती फुगली असेल, थंड असेल, तर रिकामी करता येते. चार्जरचा डिस्चार्ज मोड ह्या कामाचा नाही, तो सेलमागे ३ व्होल्टच्या आसपास थांबतो, बॅटरी वाचवायला बनवला आहे तो, आपल्याला तर वाचवायचीच नाही. त्यापेक्षा ऑटो पार्ट्सच्या दुकानातून कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या. त्याला दोन वायरी आणि पॅकला बसणारं कनेक्टर सोल्डर करा. २१ वॅट म्हणजे पावणेदोन ॲम्पियरच्या जवळपास, २२०० च्या पॅकला हा लोड हलका आहे. फोर एस असेल तर दोन बल्ब सिरीजमध्ये. आणि बॅलन्स लीडला, म्हणजे प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरींच्या प्लगला, व्होल्टेजचा चेकर लावून पाह्यलं की दोन सेल चांगले आणि एक पार बसलेला, तर २१ नाही, ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब लावा, कारण बसलेल्या सेलला बाकीचे दोन उलटं ढकलतात आणि तो तापतो. वेळ लागेल, लागू द्या.

(बल्ब जोडून) हे पाहा, रेतीत पॅक, बल्ब बाहेर विटेवर, रेतीला किंवा पॅकला टेकलेला नाही कारण काच चांगलीच तापते. पाऊणएक तासात पिवळा पडतो, मंग आतली तार नुसती लाल दिसते, मंग तेही नाही. इथे लोक काढून टाकतात. काढू नका, काढलं की व्होल्टेज परत वर येते. दिवसभर लावूनच ठेवा. हे सगळं बाहेर अंगणात किंवा गच्चीवर, आणि उन्हाळ्यात सकाळी सुरू करा, सावलीत, आणि बल्ब जळतो तोवर तिथेच थांबा. नवतपात दुपारी बारा वाजता तापलेल्या स्लॅबवर हा प्रयोग कोणी करू नये.

झालं की कनेक्टर कापायचं, पण एका वेळी एकच वायर, टोकाला टेप, मंग दुसरी. दोन्ही एकदम कटरमध्ये धरल्या आणि थोडा चार्ज उरला असला तर कटरचं तोंड जाते.

आणि पेटलीच तर लांब व्हा, वारा जिकडून येते त्या बाजूला उभे राहा, तो धूर विषारी आहे. लिपोवर पाणी टाकायचं नाही असं लोक म्हणतात, पण ह्याच्यात लिथियम धातू म्हणून नसतो, पाइपनं लांबून भरपूर पाणी मारलं तर थंडच होते. पेल्याभर पाण्यानं काही होत नाही. आग घराकडे सरकली तर १०१.

आता द्यायची कोणाला. कचरागाडीत नाही, गाडीत दाबला जातो कचरा, आणि भांडेवाडीच्या ढिगाला उन्हाळ्यात आगी लागतात हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. कबाडीवाल्याला पण नाही, तो बिचारा हातोडीनं फोडेल. २००१ चे जुने नियम फक्त लेड ॲसिडचे होते, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत लिथियमवाल्या पण आल्या, त्यात बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर परत घ्यायची जबाबदारी आहे आणि आपल्यावर घरच्या कचऱ्यात न मिसळायची. म्हणून पहिले दुकानदाराला विचारा, नाही म्हणाला तर ई-कचरा घेणारे, आणि ते नोंदणी असलेले आहेत का हे सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑफिस आहे तिथे विचारता येते. जायच्या आधी फोन करा आणि 'बॅटरी घेता का' असं मोघम नका विचारू, 'फुगलेली लिथियम पॉलिमर घेता का' असं विचारा, मोबाईलची घेणारे पण फुगलेलीला नाही म्हणतात. पुण्या-मुंबईला कुरिअर करायचा विचार असेल तर सोडा, खराब लिथियम बॅटरी विमानानं पाठवायला बंदीच आहे.

नेताना प्रत्येक पॅक वेगळ्या पिशवीत, टोकं टेप केलेली, पत्र्याच्या डब्यात रेतीत, झाकण सैल. स्कूटीच्या डिक्कीत ठेवून बर्डीवर खरेदीला थांबायचं नाही, सरळ तिथे जायचं आणि 'ही फुगलेली आहे' असं सांगूनच हातात द्यायची.